ख्रिस्ती धर्माचा प्राचीन प्रसार आणि आपल्या शेजारचे कल्याण

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येथील आपली मंडळी कामाला, कॉलेजला जाताना रोज कल्याण स्टेशन ओलांडतात. याच कल्याणात इसवी सनाच्या सहाव्या शतकात एक ख्रिस्ती बिशप राहत होता, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल. हा धर्म आपल्याकडे पोर्तुगीज व इंग्रजांनीच आणला, असा सर्वसाधारण समज आहे. तो पूर्ण खरा नाही. एखादा धर्म कसा पसरतो आणि कशाने टिकतो, हे बौद्ध समाजाने जाणून घेणे आवश्यक आहे. म्हणून हा विषय आम्ही येथे थोडक्यात मांडीत आहोत.

इ.स. ३० च्या सुमारास जेरुसलेम येथे रोमन सत्तेने येशूला क्रुसावर चढविले. मागे राहिले ते मूठभर अनुयायी. त्यांत कोळी होते, सामान्य कष्टकरी होते. पुढे पॉल हा तंबू बनविणारा कारागीर अँटिओक, कॉरिंथ, रोम अशा शहरांतून हिंडला. रोमन साम्राज्याचे पक्के रस्ते व समुद्रमार्ग त्याला उपयोगी पडले. इ.स. ६४ मध्ये नीरोने आणि ३०३ मध्ये डायोक्लेशनने ख्रिस्ती लोकांचा छळ केला. ३१३ साली कॉन्स्टंटाईनने त्यांना धर्मस्वातंत्र्य दिले व ३८० साली हा राजधर्म झाला. म्हणजे पहिली जवळजवळ तीनशे वर्षे हा धर्म राजाश्रयाशिवाय वाढला. हे कसे घडले?

याचे एक मोठे कारण त्यांच्या संघटनेत सापडते. इ.स. २०० च्या सुमारास कार्थेजचा लेखक टर्टुलियन याने आपल्या मंडळीच्या निधीची माहिती दिली आहे. प्रत्येक सभासद महिन्यातून एकदा ऐपतीप्रमाणे व स्वखुशीने वर्गणी देई. तिच्यातून गरिबांचे अन्न, बेवारसांचा दफनविधी, अनाथ मुले, थकलेले वृद्ध व तुरुंगात पडलेले बांधव यांचा खर्च भागे. २५१ साली रोमच्या मंडळीत दीड हजारांहून अधिक विधवा व निराधारांचे पोषण होत असे, अशी तेथील बिशप कॉर्नेलियसची नोंद आहे. ३६२ साली ख्रिस्ती धर्माचा विरोधक असलेल्या ज्युलियन बादशहानेच तक्रार केली की, हे लोक स्वतःच्या गरिबांबरोबर आमच्याही गरिबांना पोसतात! बँकेत वह्या लिहिण्यात आयुष्य घालविणाऱ्या आमच्यासारख्याला या पेटीचे महत्त्व विशेष वाटते. त्यांनी गुलामगिरी नष्ट केली नाही, हेही खरे. मात्र गुलाम व मालक एका पंक्तीत प्रार्थनेला बसत.

आता कल्याणकडे वळू. तांबड्या समुद्रातून मोसमी वाऱ्यांवर येणारी व्यापारी जहाजे सोपारा, कल्याण या बंदरांना लागत. अलेक्झांड्रियाचा विद्वान पँटेनस दुसऱ्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानात आला होता, अशी परंपरा युसेबियस या इतिहासकाराने नोंदविली आहे. त्याचाच शिष्य क्लेमेंट याने इ.स. २०० च्या सुमारास आपल्या ग्रंथात बुद्धांचा व त्यांच्या अनुयायांचा उल्लेख केला आहे. सहाव्या शतकात कॉस्मस या व्यापाऱ्याने लिहिले की, ‘कल्लियाना’ येथे इराणातून नेमलेला बिशप आहे. हे गाव म्हणजे आपले कल्याण, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

त्याआधीच हा प्रदेश धम्माचा होता. सोपाऱ्यास सम्राट अशोकाचे शिलालेख सापडले आहेत. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या सोनाराने दिलेल्या पाण्याच्या टाक्याची आणि कल्याणच्याच लोहाराच्या दानाची नोंद आहे. येथेही राजांइतकाच वाटा कारागिरांचा होता.

पुढे कालचक्र फिरले. १३२१ साली फ्रान्सिस्कन साधू ठाण्यात आले, तेव्हा तेथे नेस्टोरियन ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे होती. कान्हेरीचे विहारही ओस पडले. आमच्या मते यातून एकच बोध निघतो. ज्या धर्माची माणसे एकमेकांच्या सुखदुःखात उभी राहतात, तो छळातही वाढतो. ही साखळी तुटली की लेणी उरतात, पण लोक उरत नाहीत.

पूज्य बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत प्रश्न केला आहे : भिक्खू केवळ परिपूर्ण माणूस व्हावा, की समाजसेवक? हा प्रश्न आपणा उपासकांनाही लागू आहे. आपल्या वस्त्यांत विहार उभे राहिले, जयंत्या थाटात होतात, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु शेजारच्या विधवेच्या मुलाची परीक्षा फी कोण भरतो, आजारी उपासकाला इस्पितळात कोण नेतो, यावर आपल्या धम्माचे उद्याचे भवितव्य ठरणार आहे. विद्यार्थी मित्रांनी इतिहास म्हणून हा लेख वाचावा, आणि सभासदांनी महिन्याची वर्गणी देताना तो आठवावा, एवढीच आमची नम्र विनंती.

जय भीम! नमो बुद्धाय!