हवेचें वंगण

बैलगाडीस वंगण कां घालतात, हें धाराशिवकडील मुलांस सांगावयास नको. धातूवर धातू घांसूं नये म्हणून मध्यें तेलाचा थर ठेवावयाचा. मग तेलाऐवजीं हवा चालेल काय? ही कल्पना १८५४ मध्यें हिर्न या शास्त्रज्ञानें मांडली; १८९७ मध्यें अमेरिकेंतील किंग्जबरी यांनीं तिचे प्रयोग प्रसिद्ध केले.

यंत्राचा आंस अतिवेगानें फिरूं लागला म्हणजे भोंवतालची हवा ओढून घेतो. ती अरुंद फटींत दाटते आणि तिचा दाब आंसास उचलून धरतो. घर्षण जवळजवळ उरत नाहीं. परंतु हीच हवा आंसास बाजूसही ढकलते. त्यामुळें तो स्वतःभोंवतीं फिरतां फिरतां जागच्या जागीं घिरट्या घालूं लागतो. त्यांचा वेग मूळ वेगाच्या सुमारें निम्मा असतो. हा वेग आंसाच्या नैसर्गिक कंपनाशीं जुळला, कीं वेळेवर ढकललेल्या झोक्याप्रमाणें घिरट्या वाढतात आणि यंत्र क्षणांत बिघडतें.

यावर उपाय असा: आंसाभोंवतालची भिंत अखंड न ठेवतां लहान, कलत्या पट्ट्यांची करावयाची. प्रत्येक पट्टी दाबाप्रमाणें कलते. बाजूचा धक्का ओसरतो, आधार राहतो.

मुंबईस तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रानें हेलियम द्रवरूप करण्यासाठीं वायूवर तरंगणारीं चक्रें तयार केलीं आहेत. हेलियम द्रव होण्यास उणें २६९ अंशांचें शैत्य लागतें. त्यांत तेलाचा अंश शिरल्यास तो गोठून वाट अडवील. म्हणून वायूसच वंगण केलें आहे. वंगणाची काळजी गाडीवानाप्रमाणें शास्त्रज्ञासही सुटलेली नाहीं.