विश्लेषण : रॅम्पवरचे ‘अचाट’ कपडे घालून कांदिवलीहून लोकल पकडता येईल?

फॅशन वीकचे व्हिडीओ आले की त्याखाली एक प्रतिक्रिया हमखास असते, ‘हे घालून जायचे कुठे?’ प्रश्न चेष्टेचा वाटतो, पण रास्त आहे. कांदिवली स्थानकावर सकाळी साडेआठच्या गर्दीत महिलांच्या डब्यात शिरणाऱ्या कुणालाही कपड्याची खरी कसोटी ठाऊक असते. हात वर करून कडी धरता आली पाहिजे, जिना चढता आला पाहिजे आणि ओढणी दारात राहता कामा नये. या कसोटीवर रॅम्पवरचे काय टिकते?

मालाड ते पॅरिस

याचे एक उत्तर कांदिवलीच्या शेजारच्याच स्थानकाशी जोडलेले आहे. मूळच्या विदिशाच्या डिझायनर वैशाली शडांगुळे यांनी 2001 मध्ये मालाडमध्ये छोटे बुटीक सुरू केले. जुलै 2021 मध्ये पॅरिसच्या ‘ओत कुत्युर वीक’मध्ये संग्रह सादर करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला डिझायनर ठरल्या. त्यांचे काम हातमागाच्या कापडावर चालते आणि त्यात आपला खणही येतो. कापडाच्या दोऱ्या वळून त्या प्रवाळासारखे, शिंपल्यासारखे उठावाचे आकार घडवतात. आजीच्या चोळीत रोज वापरला जाणारा खण पॅरिसच्या मंचावर शिल्प होतो. म्हणजे अडचण कापडाची नसते, रचनेची असते.

मग ‘न घालण्याजोगे’ नेमके काय?

वजन, हालचालीची मुभा, हवा खेळणे आणि दुसऱ्याच्या मदतीशिवाय वावरता येणे, या चार गोष्टी तपासल्या की बहुतेक उलगडा होतो. 2015 च्या मेट गालात रिहानाने घातलेला गुओ पेई यांचा पिवळा झगा सुमारे 25 किलोचा होता. त्याचा घोळ उचलायला माणसे लागली. 2024 मध्ये आलिया भट्टच्या सब्यसाची साडीचा मागचा घोळ 23 फुटांचा होता. पुण्याच्या नताशा पूनावाला यांनी 2022 मध्ये साडीवर स्कियापरेलीचे धातूचे कवच घातले. श्वास घेताना छाती फुगते, धातू फुगत नाही. अशा पोशाखाचे आयुष्य काही तासांचे आणि काही पायऱ्यांचे. तो तेवढ्यासाठीच बेतलेला असतो, त्यामुळे त्याला लोकलची कसोटी लावणे अन्यायाचेच.

पण दिसायला विचित्र म्हणजे घालायला अशक्य, असे समीकरण मांडता येत नाही. ‘कॉम दे गार्सों’च्या रेई कावाकुबो यांनी 1997 च्या वसंत-उन्हाळी हंगामासाठी पाठीवर, कमरेवर टेंगळे भरलेले कपडे केले, तेव्हा त्यांची टिंगल झाली. त्याच वर्षी मर्स कनिंगहॅम यांच्या नर्तकांनी त्याच धर्तीचे कपडे घालून ‘सिनॅरिओ’ ही अख्खी नृत्यरचना सादर केली.

रॅम्पवरून कपाटात काय येते?

अख्खा पोशाख सहसा येत नाही, त्यातले तंत्र येते. इसे मियाके यांच्या चुण्यांचे कपडे हे उत्तम उदाहरण. नर्तकांसाठी केलेल्या प्रयोगांतून 1993 मध्ये ‘प्लीट्स प्लीज’ उभे राहिले. कपडा आधी अडीच-तीन पट मोठा शिवायचा आणि मग दाब व उष्णता देऊन चुण्या पाडायच्या. पॉलिएस्टर तापल्यावर मऊ होते आणि थंड होताना घडी पक्की धरते, म्हणून धुतल्यावरही चुणी मोडत नाही. (सुती शर्टाची इस्त्री बोरिवलीला चढल्यापासून अंधेरीपर्यंतही टिकत नाही.) हा कपडा ताणतो, इस्त्री मागत नाही आणि गुंडाळून पिशवीत मावतो. लोकलच्या कसोटीला तो पूर्ण उतरतो. किंमत तेवढी फर्स्ट क्लासच्या पासालाही लाजवणारी.

आणि नजरेचे काय?

हा भाग शिवणकामाने सुटत नाही. ब्लेड, काच, सिमकार्ड यांपासून पोशाख करणाऱ्या उर्फी जावेदविरुद्ध भाजपच्या चित्रा वाघ यांनी तक्रार केली आणि जानेवारी 2023 मध्ये अंधेरीच्या आंबोली पोलिसांनी तिचा जबाब घेतला. त्या वादात कपडा अंगाला टोचतो का, हे कुणी विचारले नाही. उपनगरातल्या मुलींना हा हिशेब पाठ असतो. पार्टीचा ड्रेस घरूनच घालून निघायचे, त्यावर भावाचा ढगळ शर्ट चढवायचा आणि ठिकाणावर पोहोचल्यावर तो काढून पर्समध्ये कोंबायचा. त्यामुळे पर्स घेतानाच शर्ट मावेल एवढी मोठी घेतली जाते.