बरं वाटतंय म्हणून रक्ताची तपासणी चुकवू नका

यंत्रमागावर खाडा झाला की त्या दिवसाची मजुरी गेली. त्यात भिवंडीहून परळच्या टाटा रुग्णालयात जायचे म्हणजे आधी ठाणे किंवा कल्याण गाठा, मग लोकल, मग रांग. म्हणून आपल्या वस्तीतला रुग्ण "आता बरं वाटतंय" म्हणत तारीख पुढे ढकलतो. संथ वाढणाऱ्या रक्ताच्या कर्करोगात हेच महागात पडते.

रक्ताचा प्रत्येक कर्करोग झपाट्याने वाढत नाही. 'सीएलएल' या प्रकारात सुरुवातीला अनेकांना औषधही लागत नाही. डॉक्टर दर काही महिन्यांनी रक्त तपासून लक्ष ठेवतात. 'सीएमएल'मध्ये बहुतेकांना इमॅटिनिब किंवा तशीच गोळी रोज घ्यावी लागते. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या औषधावर नोव्हार्टिस कंपनीला पेटंट नाकारले. त्यामुळे भारतीय कंपन्यांची स्वस्त गोळी आपल्याला मिळत राहिली.

घराजवळ काय करता येते? डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर सीबीसी तपासणी भिवंडीतच करून रिपोर्ट त्यांना दाखवता येतो. त्यात पांढऱ्या पेशी साधारण ४ ते ११ हजार आणि प्लेटलेट दीड ते साडेचार लाख असाव्यात. एका आकड्याने घाबरू नका. आकडे कोणत्या दिशेने चालले आहेत ते डॉक्टर पाहतात. म्हणून सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फाईलमध्ये लावा. घरात वाचता येणाऱ्या मुलामुलीकडे हे काम सोपवा.

पण एक लक्षात ठेवा. सीएमएलमध्ये सीबीसी चांगली असली तरी आजार आत शिल्लक असू शकतो. तो 'बीसीआर-एबीएल' तपासणीतच कळतो. सुरुवातीला ती साधारण दर तीन महिन्यांनी असते. तिच्यासाठी खाडा पडला तरी चालेल, ती चुकवू नका.

इमॅटिनिबची गोळी जेवणासोबत, पेलाभर पाण्याने घ्या. मनाने बंद करू नका. मूल हवे असेल, तर त्या बहिणीने दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलावे.

ताप, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, अंगावर काळेनिळे डाग, वाढता थकवा, रात्री दरदरून घाम, घटते वजन किंवा डाव्या बरगडीखाली जडपणा जाणवला, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. फाईल घ्या आणि लगेच निघा.