टाकीतल्या गोगलगायी

आपल्या प्रयोगशाळेतील माशांच्या टाकीत गोगलगायी दिसू लागल्यापासून मुलांचे प्रश्न थांबत नाहीत. काही पालकांनीही विचारले की घरच्या टाकीत त्या ‘आपोआप’ कशा झाल्या? म्हणून या अंकात त्यांच्याविषयीच लिहीत आहोत.

आपोआप काहीच होत नाही. बाजारातून आणलेल्या पाणवनस्पतीच्या पानामागे जेलीसारखा पारदर्शक ठिपका चिकटलेला असतो, त्यात अंडी असतात. जिलेबीसारख्या चपट्या वेटोळ्याची एक आणि लहान, टोकदार शंखाची दुसरी, अशा दोन प्रकारच्या गोगलगायी बहुधा याच मार्गाने येतात. दुसरीचा शंख टोक वर व तोंड आपल्याकडे करून धरला, तर तोंड डाव्या बाजूस दिसते. बहुतेक शंखांचे उजवीकडे असते. मुलांनी भिंगातून जरूर पाहावे. या दोन्ही उभयलिंगी असतात. एकटी राहिली तरी अंडी घालू शकते, मग एकीच्या शंभर व्हायला कितीसा वेळ!

त्यांची संख्या वाढते ती आपल्याच हाताने. माशांनी न खाल्लेले दाणे तळाशी साचतात, ते त्यांचे अन्न. दोन-तीन मिनिटांत संपतील एवढेच दाणे टाकावेत. तरीही जास्त झाल्या तर रात्री काकडीची चकती पाण्यात सोडावी व सकाळी तिला चिकटलेल्या गोगलगायींसह काढून घ्यावी. औषध मात्र टाकू नये. माशांच्या काही औषधांत तांबे असते, ते गोगलगायींना विष आहे. एकदम पुष्कळ मेल्या की पाणी सडते आणि पाठोपाठ मासेही जातात.

शंख चुन्याच्या घटकांचा असतो. हल्ली घरोघरी आर.ओ. लागले आहेत, पण त्या पाण्यात कॅल्शियम जवळजवळ उरत नाही व शंख झिजून पांढुरका होतो. त्यापेक्षा नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवून वापरावे. अंड्याच्या टरफलाचा धुतलेला तुकडा टाकला तरी उपयोग होतो.

अंगणातल्या हौदाची किंवा तळ्याची गोष्ट वेगळी. तिथे आपल्याकडची मोठी गोगलगाय, पायला, शोभते. आमचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले, त्यामुळे आमच्या तोंडी तिचे नाव अजून घोंघाच! तिला कल्ला आणि फुप्फुस दोन्ही असतात. तळे आटले की ती चिखलात शिरते, शंखाचे झाकण लावून घेते आणि पावसाची वाट पाहत महिनोन्‌महिने पडून राहते. अंडी ती पाण्यात नव्हे, काठच्या ओल्या मातीत घालते. म्हणून चारी बाजूंनी सिमेंटची उभी भिंत असलेल्या हौदात तिची वाढ होत नाही. कोवळी पाने ती आवडीने खाते, तेव्हा एक-दोन पुरेत. गुरे जिथे पाणी पितात तिथून मात्र गोगलगायी आणू नयेत. गुरांच्या यकृतातील कृमी काही गोगलगायींच्या अंगात वाढतात. टाकीत हात घातल्यावर साबणाने धुणे हे तर आलेच.

दुकानात मिळणारी पिवळी ‘मिस्ट्री स्नेल’ मूळची दक्षिण अमेरिकेची. तिची एक बहीण १९८० च्या सुमारास खाण्यासाठी तैवानमध्ये नेली गेली, ती सुटून आग्नेय आशियातील भातशेतीत पसरली. स्पेनमध्ये एब्रो नदीच्या मुखाशी २००९ मध्ये तेच झाले आणि २०१२ मध्ये युरोपीय संघाने त्या साऱ्या कुळावर बंदी घातली. आपल्या इंदूरजवळची सिरपूर व यशवंत सागर ही तळी २०२२ मध्ये रामसर यादीत आली आहेत. मुलांना दया येते, म्हणून ती नको असलेल्या गोगलगायी तळ्यात ‘सोडून’ येतात. पालकांनी तेवढे होऊ देऊ नये. जास्तीच्या गोगलगायी डबीत घालून फ्रीझरमध्ये दिवसभर ठेवाव्यात व मग कुंडीत पुराव्यात. टाकीचे जुने पाणीही नाल्यात न ओतता झाडांना घालावे, गुलाबाला ते फार मानवते.