चेहरा हीच ओळख

• पडताळणी की शोध? फोन चेहरा पाहून उघडतो ती पडताळणी: तुमचा चेहरा तुमच्याच साठवलेल्या नोंदीशी जुळवला जातो. चौकातल्या कॅमेऱ्यात दिसलेला चेहरा हजारो नोंदींशी ताडून पाहणं हा शोध. तिथे बहुधा कुणी विचारतही नाही.

• नोंद: चेहऱ्याची ठेवण आकड्यांच्या मालिकेत उतरते. पासवर्ड बदलता येतो, चेहरा नाही.

• डिजियात्रा, म्हणजे चेहरा दाखवून विमानतळावर प्रवेश: १ डिसेंबर २०२२ पासून, आधी दिल्ली, बेंगळुरू, वाराणसी विमानतळांवर. वापर ऐच्छिक.

• खासगीपणा मूलभूत हक्क: सर्वोच्च न्यायालय, २४ ऑगस्ट २०१७, नऊ न्यायमूर्तींचं घटनापीठ.

• डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा: २०२३. कमाल दंड २५० कोटी रुपये.

• युरोपीय संघ: कामाच्या ठिकाणी यंत्राकरवी चेहऱ्यावरून कर्मचाऱ्यांच्या भावना टिपण्यास २ फेब्रुवारी २०२५ पासून बंदी, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं वगळून.