इंग्रजी बोलतो, तरी शाळेत मागे का?

परदेशात गेलेल्या कुटुंबांत हा प्रश्न हमखास निघतो. पोरगा दोन वर्षांत फाडफाड इंग्रजी बोलू लागला, मग मार्क का पडत नाहीत? आळस करतो का?

बहुतेक वेळा तसे नसते. कॅनडातील भाषातज्ज्ञ जिम कमिन्स यांनी दाखवून दिले की बोलण्यापुरती भाषा साधारण २ वर्षांत येते. पण पाठ्यपुस्तकाची आणि परीक्षेची भाषा यायला ५ ते ७ वर्षे लागतात. पंधराव्या वर्षी अमेरिकेत उतरलेल्या मुलाकडे हायस्कूलची जेमतेम ३-४ वर्षे असतात. आता हिशोब आपणच करा.

तिथला कायदा मुलांच्या बाजूने आहे. भाषा येत नसलेल्या मुलाला नुसते वर्गात बसवणे म्हणजे समान संधी नव्हे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये म्हटले. कागदपत्रे नसली तरी सरकारी शाळेचे दार बंद करता येणार नाही, हा निकाल १९८२ चा. पण दार उघडले म्हणजे वाट सोपी झाली असे नाही. स्वस्त घर गरीब वस्तीत मिळते, म्हणून शाळाही तिथलीच मिळते. वर्ग भरलेले, शिक्षक कमी. त्यात भाषेची मदत लवकर बंद होते, मुलाला सोप्या वर्गात टाकले जाते आणि संध्याकाळी तो कामावर जातो.

मग उपयोगी काय पडते? न्यूयॉर्कमध्ये १९८५ पासून नव्याने आलेल्या मुलांसाठी वेगळी हायस्कूल आहेत. तिथे आधी इंग्रजी आणि नंतर विज्ञान असे करत नाहीत. दोन्ही एकत्र शिकवतात. मुले गटात बसतात, अडले की आपल्या भाषेत एकमेकांना समजावतात. दुसरी गोष्ट, शाळेत विचारपूस करणारे एक तरी मोठे माणूस. अशा मुलांचा वर्षानुवर्षे अभ्यास करणाऱ्या कॅरोला सुआरेझ-ओरोस्को यांनी याच आधारावर भर दिला आहे.

दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकून अकरावीला इंग्रजी सायन्स घेणारी आपली मुले देश न सोडताही याच अडचणीतून जातात. म्हणून पालकांना आमचे एवढेच सांगणे: घरची भाषा बंद करू नका, धडा आधी तिच्यात समजू द्या. शाळेत जाऊन शिक्षकांना भेटा. आणि मुलाला ‘ढ’ म्हणण्याआधी त्याला किती वर्षे मिळाली ते मोजा.