हद्द ओलांडणारा वण

जखम भरून आली, खपली गळून पडली, आणि तरीही कानाच्या पाळीवर, छातीच्या मध्यावर किंवा खांद्यावर उरलेला वण महिनोन्महिने फुगत जाऊन मूळ जखमेची हद्द ओलांडू लागला, तर तो केलॉइड होय. जखम सांधणारे कोलॅजन नावाचे तंतुमय द्रव्य शरीर गरजेपलीकडे निर्माण करीत राहते, म्हणून तो फुगतो. तो कर्करोग नव्हे, संसर्गजन्य तर नव्हेच. सावळ्या वर्णाच्या माणसांत, तारुण्याच्या उंबरठ्यावर आणि कित्येकदा एकाच कुळात तो अधिक आढळतो; म्हणून ज्या घरात ही प्रवृत्ती आहे, तेथे मुलीचे कान टोचायचेच असतील तर ते लहानपणीच टोचावेत आणि पुढे हौसेने आणखी भोके पाडू नयेत.

‘कापून टाका’ ही रुग्णाची पहिली विनंती स्वाभाविक असली, तरी निव्वळ शस्त्रक्रियेनंतर ४५ ते १०० टक्के केलॉइड पुन्हा उद्भवतात, क्वचित पहिल्याहून मोठे. म्हणून प्रथम ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडचे इंजेक्शन थेट गाठीत, साधारणतः ४ ते ६ आठवड्यांच्या अंतराने, अनेक वेळा द्यावे लागते. त्याने खाज व ठणका शमतो आणि गाठ चपटी होते; मात्र कातडी पातळ वा फिकी पडू शकते. हट्टी गाठीस फ्लुरोयुरॅसिल या औषधाची जोड किंवा द्रवरूप नायट्रोजनने गोठवण्याचा उपाय असतो. सिलिकॉनची पट्टी रोज किमान १२ तास, कित्येक महिने लावावी लागते. शस्त्रक्रिया केलीच, तर तिच्यामागोमाग इंजेक्शने, कानास दाब देणारी चाप किंवा निवडक प्रौढ रुग्णांत किरणोपचार यांची तजवीज आधीच हवी. किरणोपचारांसाठी खेड्यातील रुग्णास मोठ्या शहराची वाट धरण्यावाचून गत्यंतर नाही.

पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्यात खरी अडचण औषधाची नसून सातत्याची आहे. भातकापणी आटोपून दिवाळीनंतर कित्येक कुटुंबे ठाणे, भिवंडी, वसईकडील वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर रोजगारासाठी जातात, ती पावसाळ्याच्या तोंडी परततात. आणि अर्ध्यावर सुटलेला उपचार हा केलॉइडच्या पथ्यावरच पडतो. माझ्या मते जव्हारच्या पतंगशाह कुटीर रुग्णालयात किंवा मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयात आलेल्या अशा रुग्णाचा उपचार शक्यतो पावसाळ्याच्या आरंभीच सुरू व्हावा, आणि दिवाळीनंतर घर सोडताना औषधाचे नाव, मात्रा, गाठीचे माप व पुढील तारीख लिहिलेला कागद त्याच्या हाती असावा, म्हणजे भट्टीजवळच्या सरकारी दवाखान्यातील डॉक्टरास पुढचे इंजेक्शन देणे किंवा योग्य ठिकाणी पाठवणे सुकर होईल.